तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात आमच्या गाडीने पहिला झटका दिला. जुलै महिना, भुरभुर पाऊस, मागच्या सीटवर आई आणि मुलगी. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी उचल घ्यायच्या ऐवजी थरथरायची आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागायचा. पाय सैल सोडला की लुकलुक थांबायची. घाट संपला, उतार लागला. सुरूर फाट्याला चहासाठी थांबलो तेव्हा गाडी उभ्या जागी इतकी शांत चालत होती, की तिला काही झालंय हे सांगूनही कोणाला पटलं नसतं.

साताऱ्यात पोचल्यावर एका गॅरेजात दाखवली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, दोनदा रेस केली आणि सांगून टाकलं, "मिसिंग आहे. चारही कॉइल टाका, प्लग टाका, इंजेक्टर साफ करून घ्या." कोणता सिलिंडर मिस मारतोय, असं विचारलं तर त्याला ते सांगता येईना. खर्चाला माझी ना नव्हती. न तपासता भाग बदलायला मात्र होती. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला दहाचा एक पाना, एक स्वस्त स्कॅनर आणि तासभर वेळ पुरतो. मी गाडी परत घेतली आणि मामांच्या अंगणात लावली.

इग्निशन कॉइल करते काय, हे आधी समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं आणि ऐन वेळी स्पार्क प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी पडून ते पेटतं. टोकांमधलं अंतर जेमतेम एक मिलिमीटर असतं, पण तेवढंही ओलांडायचं म्हणजे हजारो व्होल्टचा दाब हवा. बॅटरी देते १२ व्होल्ट. ही तफावत भरून काढणारा भाग म्हणजे कॉइल. तिच्या पोटात लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, शे-दोनशे वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, त्याच्या सुमारे शंभर पट वेढ्यांचं. जाड तारेतून दोन-चार मिलिसेकंद करंट वाहतो, गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठतं आणि मग इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, तो करंट एकदम तोडतो.

सगळी करामत या तोडण्यात आहे. भरधाव पाण्याचा नळ झटकन बंद केला की भिंतीतला पाइप दणकतो, ते आपण घरात ऐकतो. करंटचंही तसंच. वाहता करंट अचानक अडवला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि जाड वेटोळ्यातच तीन-चारशे व्होल्टचा दणका उठतो. बारीक वेटोळ्यात त्याचे शंभर पट होतात, तीस-चाळीस हजार व्होल्ट. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरला एक ठिणगी लागते. म्हणजे टॅकोमीटरचा काटा ३००० वर असेल तर एकेक कॉइल सेकंदाला २५ वेळा हा दणका देत असते, आणि तेही उकळत्या पाण्याइतक्या तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर बसून.

मग आमची गाडी घाटातच का अडखळली? चहाच्या टपरीसमोर का नाही? ठिणगीला किती व्होल्ट लागतील हे फक्त प्लगच्या फटीवर ठरत नाही. त्या फटीतली हवा किती दाबलेली आहे, यावरही ते ठरतं. हवा जितकी दाट, तितकी तिच्यातून ठिणगी जाणं अवघड. गाडी उभ्या जागी चालू असते तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडीच जाते आणि दहा-बारा हजार व्होल्टवर काम भागतं. घाटात पाय दाबला की थ्रॉटल उघडतो, सिलिंडर हवेने ठासून भरतो आणि गरज वीस हजारांच्या पुढे जाते. धडधाकट कॉइल तेवढा दाब सहज देते. जिचं आवरण आतून चिरलं आहे, तिची वीज मात्र प्लगची अवघड फट सोडून सोपी वाट धरते. कॉइलला प्लगशी जोडणाऱ्या रबरी नळीतून, चिरेतून, जवळच्या धातूकडे निसटते. ठिणगी पडतच नाही. त्या फेरीपुरता तो सिलिंडर मेलेला असतो. म्हणून "चढावर पिकअप नाही, सपाटीला ठीक आहे" ही तक्रार कॉइलच्या बाबतीत इतकी नेमकी असते. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांना हा अनुभव आणखी लवकर येतो, कारण गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. गाडी सीएनजीवर झटके खाते आणि पेट्रोलवर टाकली की सुधारते, असं असेल तर गॅस किटला दोष देण्याआधी प्लग आणि कॉइल पाहावेत.

या वस्तूचा इतिहास गाडीपेक्षा जुना आहे. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. पाचच वर्षांनी, १८३६ मध्ये, आयर्लंडमधल्या मेनूथ इथले धर्मगुरू आणि विज्ञानाचे प्राध्यापक निकोलस कॅलन यांनी दोन वेटोळ्यांची प्रवर्तन कॉइल बनवली. पॅरिसमधले उपकरणनिर्माते हाइनरिश रुमकोर्फ यांनी ती इतकी सुधारली, की १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्यांना ५०,००० फ्रँकचं पारितोषिक दिलं. त्याआधीच, १८६० मध्ये, एटिएन लन्वार यांनी आपल्या गॅस इंजिनात ठिणगीसाठी हीच कॉइल वापरली होती. मोटारीत ती पक्की रुळली ती अमेरिकेतल्या ओहायोमधले चार्ल्स केटरिंग यांच्यामुळे. १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांना त्यांची बॅटरीवर चालणारी इग्निशन बसली, आणि तिची मूळ कल्पना पुढे कित्येक दशकं जगभर चालली.

आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर या गाड्यांत तीच होती. चार सिलिंडरना मिळून एक कॉइल, करंट तोडायला पॉइंट, सोबत कंडेन्सर, आणि ठिणगी पाळीपाळीने वाटणारा डिस्ट्रिब्युटर. मामांनी वीस वर्षं पद्मिनी चालवली. मी बॉनेट उघडल्यावर ते खुर्ची घेऊन शेजारी बसले आणि म्हणाले, "अरे, आमच्या गाडीला पावसात हे नेहमीचंच होतं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं, आत कोरडं फडकं फिरवायचं, पॉइंटला जरा पॉलिश पेपर मारायचा, की गाडी चालू." त्यांचं बरोबर होतं. फक्त आता ते झाकणही नाही आणि पॉइंटही नाही. बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते. आणि म्हणूनच घरी तपासणी करणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे, कारण इंजिनात सारख्याच चार कॉइल असतात आणि त्या एकमेकींशी ताडून पाहता येतात.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथवर चालणारा छोटा ओबीडी स्कॅनर बसवला की ईसीयूने नोंदवलेला कोड मोबाइलवर वाचता येतो. पाचशे-हजार रुपयांत मिळणारा हा स्कॅनर प्रत्येक गाडीवाल्याने घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या गाडीने कोड दिला पी ०३०३. यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा: तिसऱ्यात मिसिंग. पी ०३०१ ते पी ०३०४ हे कोड एकेका सिलिंडरचे, तर पी ०३०० म्हणजे मिसिंग कुठल्याही एका जागी ठरून होत नाही. पी ०३५१ पासूनचे कोड कॉइलच्या सर्किटबद्दल बोलतात. तिथे कॉइलइतकाच संशय वायरिंगवर घ्यावा. पार्किंगमधले उंदीर वायर कुरतडतात, हे आपल्या शहरांत काही नवं नाही.

ईसीयूला मिसिंग कळतं कसं? क्रँकशाफ्टवरचा सेन्सर फिरण्याचा वेग सतत मोजत असतो. ज्या सिलिंडरचा धक्का चुकतो, त्याच्या पाळीला क्रँक किंचित मंदावतो आणि ईसीयू ते टिपतो. म्हणजे पी ०३०३ हा कोड फक्त एवढंच सांगतो, की तिसऱ्या सिलिंडरने जोर दिला नाही. का दिला नाही, ते सांगत नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, वायर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. कोड वाचून थेट कॉइल विकत आणणं म्हणजे पुन्हा अंदाजच. खरी तपासणी यानंतर सुरू होते. त्यातली पहिली फुकट आहे: अदलाबदल.

इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. चावी काढून खिशात ठेवली आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढल्यावर चार काळ्या कॉइल ओळीने दिसल्या. मार्करने प्रत्येकीवर तिचा नंबर लिहिला. इंजिन आडवं बसवलेलं असेल, तर साधारणपणे बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला आणि गिअरबॉक्सच्या बाजूचा शेवटचा. खात्रीसाठी आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहावं. मग कनेक्टर. त्याची खिटी दाबून धरायची आणि ओढायचं ते कनेक्टरच्या अंगाला धरून, वायरीला कधीच नाही. जुन्या गाडीत उष्णतेने हे प्लॅस्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. कॉइलचा एकुलता बोल्ट दहाच्या गोटीने सुटतो. त्यानंतर कॉइल सरळ वर उपसू नये. आधी हाताने डावी-उजवीकडे थोडी फिरवावी, म्हणजे प्लगला चिकटलेली रबरी नळी मोकळी होते. मग सावकाश उभी वर घ्यावी.

तिसऱ्या नंबरची कॉइल वर आली ती तेलाचा वास घेऊनच. रबरी नळीचं टोक फुगून मऊ पडलं होतं आणि बोटाला काळपट तेल लागलं. दुसऱ्या नंबरची काढली, ती कोरडी ठणठणीत. शंका तिथेच आली, पण शंकेवर थांबलो नाही. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवली, प्लग जागचे हलवले नाहीत, तार जोडली, कोड पुसला आणि गाडी घेऊन यवतेश्वर घाट धरला. चढ हवाच, कारण दोष दाबाखाली उघडा पडतो. चौथ्या-पाचव्या वळणावर गाडी थरथरली. बाजूला घेऊन कोड वाचला: पी ०३०२. मिसिंग कॉइलच्या मागोमाग दुसऱ्या सिलिंडरला गेलं होतं. आता कॉइल दोषी, हे अंदाजाने नव्हे तर पुराव्याने ठरलं.

कोड पी ०३०३ च राहिला असता, तर कॉइल सुटली असती. मग हीच अदलाबदल प्लगची करायची. तरीही मिसिंग तिसऱ्यालाच राहिलं, तर गाडी जाणकाराकडे न्यावी. त्यापुढचं इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनचं काम घरच्या अंगणातलं नव्हे.

मल्टिमीटरने कॉइल तपासायची पद्धतही बरेच जण सांगतात. दोन पिनांच्या साध्या कॉइलला ती काही प्रमाणात चालते: जाड वेटोळ्याचा रोध साधारण एक ओहमच्या आसपास किंवा कमी, बारीक वेटोळ्याचा पाच ते पंधरा हजार ओहम. पण तीन किंवा चार पिनांच्या कॉइलमध्ये करंट तोडणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट आतच असतं आणि तिथे मीटरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. शिवाय आवरणातली चीर गार असताना मिटलेली आणि तापल्यावर उघडलेली असू शकते. टेबलावर पास झालेली कॉइल घाटात नापास होते. म्हणून माझा भर अदलाबदलीवर आहे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. इंजिन चालू असताना कॉइल उपसून "करंट येतोय का" ते पाहणं. पूर्वी मेकॅनिक प्लगची टोपी काढून ठिणगी उडवून दाखवायचे. आजच्या कॉइलचा झटका त्याहून जबर असतो. हात झटकन मागे जाऊन फिरत्या पंख्यात अडकू शकतो, आणि वाट न मिळालेली वीज चांगल्या कॉइलचं आवरणही फोडते. पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर चालू इंजिनाच्या इग्निशनवर वाकूच नये.

कॉइल दोषी ठरली, तरी ती का गेली हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर न शोधता नवी बसवली, तर वर्ष-दीड वर्षात तिचीही तीच गत होते. आमचा तिसरा प्लग ज्या खोल भोकात बसतो, त्या विहिरीत तेल साचलं होतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन तिथून तेल झिरपत होतं आणि त्या तेलाने रबर कुजवलं. मग प्लग काढले. त्याआधी विहिरींतली धूळ सायकलच्या पंपाने उडवली आणि तेल टिपून घेतलं, नाहीतर तो कचरा थेट सिलिंडरमध्ये पडतो. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत एक बारीक करडी रेघ होती, शिसपेन्सिलीने ओढावी तशी. वीज ज्या चोरवाटेने निसटत होती, तिचाच तो माग. एकदा असा कार्बनचा माग पडला की तो पुसून जात नाही. त्या प्लगवर नवी कॉइल बसवली, तरी वीज तीच वाट धरते. फीलर गेज घालून पाहिलं, तर चारही प्लगची फट १.४ मिलिमीटरवर गेली होती. आमच्या गाडीला ती १.१ च्या आत हवी. फट वाढली की प्रत्येक ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात आणि कॉइल रोज थोडी थोडी मरते. निकेलचा साधा प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरवर बदलायचा असतो. आम्ही तो बदलायला उशीर केला होता, हे कबूल करायलाच हवं.

पाण्याचंही तेच. सर्व्हिसिंगला गाडी दिली की इंजिनावर प्रेशरने पाणी मारून ते चकाचक करून देतात. ते पाणी प्लगच्या विहिरीत शिरलं की दिवसचे दिवस वाळत नाही. इंजिन धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा, असं आधीच सांगून ठेवावं.

कॉइल विकत घेताना जुनीच्या अंगावर उठवलेला पार्ट नंबर दुकानदाराला दाखवावा. दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या कॉइल असतात, आणि डुप्लिकेट मालही भरपूर. या एका भागात मी पैसे वाचवत नाही. नव्या प्लगला आधी हाताने, नुसत्या गोटीने आटे धरू द्यावेत. पाना लावून सुरुवात केली आणि आटे आडवे बसले, तर ॲल्युमिनियमचं हेड खराब होतं आणि शंभराच्या कामाचे हजारो होतात. वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकल्यावर सुमारे अर्धा फेरा पुरे. टॉर्क पाना असेल, तर मॅन्युअलमधला आकडा पाळावा. रबरी नळीच्या आतल्या कडेला डायलेक्ट्रिक ग्रीसचं बोट फिरवावं, म्हणजे ओल शिरत नाही आणि पुढच्या वेळी नळी प्लगला चिकटत नाही. कॉइल उभी दाबून बसवावी, बोल्ट हलक्या हाताने आवळावा आणि कनेक्टर 'टक' असा आवाज येईपर्यंत आत ढकलावा. शेवटी बॅटरीची तार जोडून कोड पुसावा.

मी एक कॉइल, चार प्लग आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. उरलेल्या तीन कॉइल कोरड्या होत्या, रबर शाबूत होतं. त्या बदलायचं काहीच कारण नव्हतं. गाडी लाखाच्या पुढे गेली असेल आणि पाठोपाठ दुसरी कॉइल गेली, तर मात्र उरलेल्या दोन्ही बदलून मोकळं व्हावं.

लुकलुकणाऱ्या दिव्याकडे कोणीही दुर्लक्ष करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. दिवा स्थिर लागला असेल, तर सावकाश घरी जाता येतं. तो लुकलुकत असेल, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय, असं समजा. त्याच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात. ती वितळली, तर कॉइलच्या कित्येक पट भुर्दंड बसतो. अशा वेळी पाय सैल सोडा, जागा पाहून गाडी बाजूला घ्या आणि चढ तर अजिबात चढू नका. त्या दिवशी खंबाटकीत मी घाटमाथ्यापर्यंत गाडी रेटली, ते चुकलंच.

आता आमच्या डिकीत स्टेपनीच्या खोबणीत एक जादा कॉइल, दहाची गोटी आणि स्कॅनर कापडात गुंडाळून ठेवलेले असतात. इंजिन गार झालं, की रस्त्याच्या कडेला कॉइल बदलायला दहा मिनिटं लागतात. तुमची गाडी पाच-सहा वर्षांची झाली असेल, तर तुम्हीही ठेवा.